येळवशीच्या वाटेवर सायकली

ये गं, अशी उंबऱ्यात चपला घालून काय उभी राहिलीस? आत ये, इकडं उन्हाच्या तुकड्यात बस माझ्याजवळ. आणखी जवळ. तो फोन पालथा ठेव घटकाभर, त्याला काही थंडी वाजत नाही. तुम्हा शहरातल्या पोरींची एक खोड मला आवडत नाही बघ. "मावशी, या वयात सायकल?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत हसून मोकळं व्हायचं. परवा तू फोनवर हसलीस, तेव्हा मी गप्प बसले. फोनवर काय भांडायचं? आता आली आहेस, दुपारची गाडी आहे म्हणतेस, तोवर ऐकून घे.

बाहेर बघितलंस का? ज्वारी निसवली आहे. हरभऱ्याच्या शेंड्यांवर सकाळी आंब धरते, अनवाणी त्यातून गेलं की पायाला आंबट चुरचूर लागते. बोरी वाकल्यात. हे दिवस आले की माझ्या डोक्याच्या आधी माझ्या पोटऱ्यांना आठवण येते. बसल्या जागी उगीच ताणल्या जातात, जशा काही म्हणतात, आक्का, चढ आला, दाब पाय.

हे दिवस म्हणजे आमच्या वस्तीचे अर्धे दिवस. दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच ट्रक येऊन उभे राहतात आणि निम्मी घरं ऊस तोडायला जातात. दाराला कुलूप, कुलपाला फडकं, ओट्यावर एखादं कुत्रं. मागं राहतो आम्ही म्हातारीकोतारी आणि शाळेची लेकरं. कुणाची लेकरं आजीजवळ, कुणाची शाळेतल्या हंगामी वसतिगृहात. अंकुश आणि सिंधूची कोमल माझ्याजवळ राहायची. घराला घर लागून, मध्ये नुसतं बाभळीचं कुंपण. लहानपणापासून तिला माझ्या हातची भाकरी आणि मला तिच्या तोंडची बडबड, असा आमचा जुना व्यवहार.

मी शाळेत गेलेली नाही, हे तुला माहीत आहे. वाचायला शिकले ते पुडीच्या कागदावर, आणि पुढं कोमलच्याच पुस्तकांवर. ती पाठ म्हणायची, मी चुलीपुढं बसून अक्षरावर बोट ठेवायची. सायकलही तिच्याच सायकलीवर शिकले. तिला शाळेतून मिळाली होती, पुढं टोपली असलेली. खळ्यावर गोल गोल फिरायचे. पडले का? पडले की. मातीचं अंग, मातीला लागलं. पण एक सांगते, नऊवारीच्या काष्ट्याइतकं सायकलीला सोयीचं दुसरं काही नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी काय विचार करून नेसायला घेतलं असेल कोण जाणे. पाचवारीवाल्या सुनांचा पदर चाकात जातो, माझा काष्टा कसा घट्ट.

तर त्या वर्षी कोमल अकरावीला होती. कॉलेज आष्टीत. वस्तीवर येणारी एसटी बंद झाली. अंकुशचा फोन आला, पोरीची शाळा आता बास झाली, तिला इकडं तळावर आणून घालतो, सिंधू तोडणीला जाते तर घरचं रांधायला आणि धाकट्याला सांभाळायला माणूस होईल. तळ म्हणजे ऊसतोड्यांच्या कोप्या असतात ना, पाचटाच्या झोपड्या, ती जागा. अंकुश काही वाईट माणूस नाही हां. वाईट असता तर मी दोन शब्दांत वाटेला लावला असता. भ्यालेला माणूस होता. एकटी पोर, लांबचा रस्ता, आणि आपण दूर कुठं उसात. त्याचं भ्यालेपण मला कळत होतं, म्हणून तर भांडता येईना.

कोमल म्हणाली, मी रोज सायकलीनं जाईन. तिकडून अंकुश हसला. तुझ्यासारखाच हसला. मग तो बोलला ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"सायकलीनं जातीस? मग इथवर येऊन दाव. आमी धर्मापुरीच्या शिवारात हाय. अवसेला हितं काम बंद असतंय, त्या दिवशी दिस मावळायच्या आत ये. आलीस तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. पर वाटंत कुठं गाडीत बसलीस, न्हाई तर उशीर झाला, तर तशीच हितं राहायचं."

आष्टी एका टोकाला, धर्मापुरी पार दुसऱ्या टोकाला. अख्खा बीड जिल्हा मध्ये आडवा पडलेला. कोमलनं हवा भरायचा पंप उचलला आणि बाहेर गेली.

कॉलेजच्या खेळाच्या बाई दर हिवाळ्यात पोरींना सायकलीवर फिरवून आणतात. चार दिवस जायचं, शाळांच्या वसतिगृहात उतरायचं, तिथल्या लेकरांत खायचं-झोपायचं. कोमलनं बाईंच्या मागं लागून त्या वर्षीची वाट धर्मापुरीकडं वळवून घेतली. पण पोरींच्या घरोघर एकच विचारणा, संगट मोठं बाईमाणूस कोण? बाई होत्या चांगल्या शिकलेल्या, पण लग्न न झालेल्या, म्हणजे आमच्या लोकांच्या हिशोबात अजून लहानच. तेव्हा शबाना, कोमलची मैत्रीण, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ती माझ्याकडं बोट करून म्हणाली, "काकू हाय ना. मोठी बी हाय, बाईमाणूस बी हाय, अन् ब्रेक बी लावता येतो."

झालं. एक जुनी सायकल मागून घेतली आणि मी निघाले.

पहिल्या दिवशीचं काय सांगू? पाटोद्याच्या बाजूचे चढ. बालाघाट लांबून बघायला मऊ दिसतो, गोधडी टाकल्यासारखा. चाकाखाली आला की दात दाखवतो. एका चढाला माझा जीव नाकात आला, उतरले, हँडल धरून ढकलू लागले. लाज वाटली. मागून कोमल आली, तीही उतरली. म्हणाली, काकू, ढकलणं म्हणजे हरणं नव्हं, गाडीत बसणं म्हणजे हरणं. आम्ही दोघी ढकलत वर गेलो, आणि वर गेल्यावर जो उतार लागला! अगं, मी संसार केला, लेकी दिल्या, नातवंडं खेळवली. पण पायडल न मारता, पदर कंबरेला खोचून, कानाला वारा, दोन्ही बाजूंनी करडईची काटेरी रानं मागं पळतात आणि आपण जाग्यावर बसलेलो, हे सुख मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी मोठ्यानं ओरडले म्हणे. मला आठवत नाही. शबाना अजून नक्कल करून दाखवते.

संध्याकाळी हंगामी वसतिगृहात पोचलो. वर्गाच्या खोल्याच त्या, रात्री बाकं सरकवून सतरंज्या टाकतात. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या पेट्या, दोरीवर फ्रॉक आणि चड्ड्या वाळत घातलेल्या, आणि सगळ्यात भिनलेला मसालेभाताचा वास. लेकरं आधी सायकलींना झोंबली आणि मग माझ्याकडं बघत उभी राहिली. त्यांना वाटलं कुणाची तरी आजी भेटायला आली. कुणाची ते कळेना, म्हणून सगळीच जवळ आली. एक चिमुरडी विचारायला लागली, आमची माय वाटंत दिसली का, हिरव्या लुगड्याची. मी म्हणाले, अजून दिसली नाही, पुढं दिसली तर सांगते की तू जेवून झोपलीस. ती खरंच जेवून झोपली.

पंगतीत मलाही ताट मिळालं. ओळीत मांडी घालून बसले, वाढणाऱ्या बाईनं पळी आपटली. शाळेची पायरी न चढलेली मी, शाळेच्या पंगतीत. ताट पुसून खाल्लं आणि वर आणखी एक पळी मागून घेतली.

दुसऱ्या मुक्कामाला केजकडं एकावर एक लोखंडी खाटा होत्या. पोरी म्हणाल्या, काकू, तुम्ही खाली झोपा. मी म्हटलं, का म्हणून? आयुष्यभर खालीच झोपले. चढले वर. शिडी करकरली, खाट करकरली, पोरींचा श्वास अडकला. वर छपराजवळ ऊब होती आणि खिडकीतून नुसता आभाळाचा पट्टा. आता रोज रात्री पडले की वाटतं, वरची खाट पाहिजे होती.

अंबाजोगाईच्या मुलींच्या वसतिगृहात तर गंमतच. तिथल्या अधीक्षक बाई दारात विचारायला लागल्या, तुम्ही कुणाच्या पालक? मी म्हटलं, पालक-बिलक नाही, सायकलवाली आहे. त्यांनी माझा काष्टा बघितला, सायकल बघितली, आणि सगळ्यांच्या आधी मला चहा दिला.

आता खरी गोष्ट आली, सरकून बस.

चौथा दिवस अवसेचा. शेवटचा पल्ला. आमच्याकडं अवसेला कुणी वाट धरत नाही, माहीत आहे ना? नवीन चप्पलसुद्धा घालत नाहीत. मी बाईंना म्हटलं, निघायचं तर निघू, पण वाटेत थांबायचं नाही, कुणाचं खायचं नाही, अवसेचं परक्या शिवारातलं तोंडात घालू नये. इथूनच पोट भरून घ्या. आणि मी पोरींना बसवून, रागावून, ताटात पिठलं-भाकरी वाढून वाढून खाऊ घातली. कोमलला तर दोन भाकरी जास्त. तट्ट पोटांनी निघालो.

घाटनांदूरकडं जाताना मला चमत्कारिक वाटायला लागलं. गावं ओस. दुकानं बंद, पारावर माणूस नाही, शाळेच्या मैदानात शेळी. आणि रस्त्यावर मात्र बैलगाड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळ्यांच्या डोक्यावर, मांडीवर टोपल्या, वर पांढरं फडकं झाकलेलं. शबाना म्हणाली, काकू, गावावर काही संकट आलं का? मी मनात म्हटलं, बघा, म्हणत होते ना, अवस.

तेवढ्यात एका शेतातून चार बाया धावत रस्त्यावर आल्या आणि आमच्या सायकलींना आडव्या उभ्या राहिल्या. मी घाबरले. त्यातली एक, माझ्याच वयाची, कपाळभर कुंकू, हँडलला हात घालून म्हणाली, "कावून पळताय? येळवशीला आमच्या बांधावरून कुणी उपाशी जात न्हाई."

येळवस! वेळा अमावस्या! अगं, लातूरच्या अंगाच्या त्या मुलखातला सगळ्यात मोठा सण तो. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवतं आणि वाटेनं जाणाऱ्याला धरून जेवू घालतं. आमच्या आष्टीकडं तो नाहीच. आम्हाला अवस म्हणजे भीती, यांना अवस म्हणजे जेवण. एकाच जिल्ह्यात राहून आम्हाला ठाऊक नव्हतं. अंकुशलाही नव्हतं, त्याला एवढंच कळलं होतं की त्या दिवशी मळेवाला ऊस तोडू देत नाही.

आता पोटात पिठलं, आणि समोर केळीच्या पानावर भज्जी, म्हणजे वाल-तूर-हरभऱ्याचे हिरवे दाणे ताकात शिजवून केलेली, बाजरीचे उकडलेले गोल उंडे, गव्हाची खीर. कडब्याच्या कोपीत पूजेला पाच दगड मांडलेले, त्यांना काव आणि चुना लावलेला. नाही म्हणावं तर माणसाचं तोंड उतरतं. आणि ती भज्जी म्हणजे, काय सांगू, मी नाही म्हणेपर्यंत माझा हात पानात गेला होता. वरून गाडग्यातली गार आंबील. तिथून सुटलो तर पुढच्या बांधावर दुसरी. "त्यांच्यात खाल्लं अन् आमच्यात न्हाई?" झालं. तिसऱ्या शेतात पोरींच्यानं सायकलीवर बसवेना. आंबील चढते बरं का. दारूसारखी नाही, झोपेसारखी. ऊन पाठीवर, कडब्याची ऊब. बाई म्हणाल्या, दहा मिनिटं पाठ टेकू.

जाग आली ती कोमलच्या आवाजानं. ती कोपीच्या तोंडाशी उभी होती आणि नुसतं काकू, काकू करत होती. ऊन पिवळं झालं होतं. सावल्या पार बांधापलीकडं गेलेल्या.

त्या शेतातली कारभारीण आमची धावपळ बघून विचारायला लागली, एवढी काय घाई? तेव्हा मी सगळं सांगितलं. दिवस मावळायच्या आत पोचायचं, नाही तर पोरीचं शिक्षण थांबलं. कारभारीण मटकन खालीच बसली. आपल्या हातानं वाढलेलं आपणच पोरीच्या आड आलं, असं तिला वाटलं असावं. तिचा लेक चांगला पोरगा. तो चटकन उठला, म्हणाला, आमचा टेम्पो आहे, सायकली मागं टाका, आत्ता सोडतो.

टेम्पो तिथंच उभा, मागचा फाळका उघडा. कोमलच्या पायाला गोळे आले होते, ती एका पायावर उभी होती. गाडीत बसली तर आत्ताच हरली, न बसली तर अंधारात हरेल. मी मोठी म्हणून आले होते ना संगट? पण हे मी ठरवायचं नव्हतं.

तिनं टेम्पोकडं बघितलं. मग खाली वाकून पायाचा गोळा दाबला आणि म्हणाली, "न्हाई दादा. तिथवर मी माझीच जाणार. मग उशीर झाला तर झाला."

कारभारीण उठली. लेकाच्या हातातून फोन घेतला. त्या रस्त्यावर पुढच्या प्रत्येक शेतात तिचा कुणी दीर, कुणी व्याही, कुणी भाची. एकेकाला तिनं असं काही दटावलं, जणू ते सगळे तिच्या चुलीपुढं बसलेत. "सायकलीवरच्या पोरी येतील. खबरदार कुणी थांबवलं तर. द्यायचं ते पळत पळत द्या."

आणि मग गं, मी जन्मात बघितलं नाही असं बघितलं. आम्ही पायडल हाणतोय, आणि बांधाबांधावर माणसं उभी. कुणी अडवत नाही. बाया सायकलीबरोबर पळतात, टोपलीत उंडे टाकतात, कॅरिअरला फडक्यात बांधलेली भाकरी अडकवतात आणि मागं राहून हात करतात. म्हातारे पागोटं हलवतात. एक नवी नवरी हिरव्या चुड्याचे हात वर करून पळाली, तिला खीर द्यायची होती, पळत कशी द्यायची, तर गाडगंच बाईंच्या हँडलला लटकवलं. पोरांनी बैलगाड्या कडेला घेऊन रस्ता मोकळा केला. कोमल पुढं, आम्ही मागं, सगळ्यांच्या घंट्या वाजतायत. मला चढ कळला नाही, उतार कळला नाही. माझ्या पोटऱ्या होत्या का नव्हत्या, तेही ठाऊक नाही. मी एवढंच म्हणत होते, दिवसा, थांब रे बाबा, तुला काय घाई आहे?

धर्मापुरीचं जुनं देऊळ मागं टाकलं, गावाबाहेर वळलो, आणि उसाच्या फडापलीकडं कोप्या दिसल्या. अंकुश रस्त्यावरच उभा होता. किती वेळचा उभा होता, ते सिंधूनं मला मागाहून सांगितलं. दुपारपासून.

कोमल उतरली नाही, सायकलीसकट त्याच्या पुढ्यात जाऊन थांबली. शबानानं धापा टाकत पश्चिमेकडं हात केला. उसाच्या तुऱ्यांवर दिवसाचं अर्धं बिंब अजून टेकलेलं होतं, तांबडंलाल. "चाचा, बगून घ्या. मग म्हनू नका की आमी अंधारात आलो."

अंकुश बघेना. तो सायकलीभोवती एक चक्कर मारून आला. टोपलीतल्या उंड्यांकडं बघितलं, चेनला हात लावला, बोट काळं केलं. मग मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि अंगठ्यानं टायर दाबून बघितलं.

"मागच्यात हवा कमी हाय," तो म्हणाला. "पंप आन. उद्या परत जायचंय न्हवं तुला कॉलेजला?"

सिंधू रडायला लागली आणि मग आपणच रडतोय म्हणून हसायला लागली. तळावरच्या बायांनी आमच्या हातातून सायकली घेतल्या. त्या शिवारात दिवसभर सगळे जेवत होते आणि हे लोक ऊस बंद म्हणून आपल्या कोप्यांत चटणी-भाकरीवर बसलेले. आम्ही टोपल्या मोकळ्या केल्या. वाटेतल्या बायांनी पळत पळत टाकलेलं ते सगळं, उंडे, भाकरी, सांडून निम्मी उरलेली खीर, तळावरच्या लेकराबाळांना पुरून उरलं. अंकुश पंप मारत होता. गरजेपेक्षा जास्तच मारला त्यानं. टायर दगडासारखं झालं तरी थांबेना.

आता कोमल पुण्याकडं नर्सिंगला आहे. ती सायकल वस्तीवरच्या दुसऱ्या पोरीला दिली, तिच्या मागं आणखी तिघी जातात. सकाळी घंट्या वाजल्या की मी दारात येते. अंकुश अजून ऊस तोडायला जातो, त्यात काही बदललं नाही, उगीच गोड सांगत नाही. पण रस्त्याची भीती त्याच्या तोंडून पुन्हा निघाली नाही.

आणि एक मी बदललं. आमच्या वस्तीला अवसेला कुणी शेतात जात नव्हतं ना? त्या वर्षापासून मी माझ्या तुकड्यात कडब्याची कोप बांधते. मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेच्या वसतिगृहातली लेकरं, सगळी येतात. पहिल्या वर्षी लोक कुजबुजले, मथुराबाईनं परका सण आणला. भज्जी खाल्ल्यावर गप्प झाले. रस्त्यावर आम्ही माणूस उभा करतो, कुणी जाणारा दिसला की धरून आणायचा. आष्टीकडं येणारे ट्रकवाले आता ओळखीचे झालेत.

तुझी गाडी आली वाटतं. जा, मी अडवत नाही. पण ऐक, अवस आता आठवड्यावर आली आहे. तेवढ्यात परत ये. नवऱ्याला आण, लेकराला आण, तुझ्या त्या मैत्रिणींना आण ज्यांना मावशीच्या सायकलीचं हसू येतं. सकाळचं पोट रिकामं ठेवून या, माझ्यासारखं पिठलं चेपून येऊ नका. आणि उशीर होईल, जमणार नाही, असलं काही फोनवर सांगू नकोस. मी बांधावर उभी असेन. माझ्या रस्त्यानं तू न जेवता गेलीस, असं मला चालायचं नाही.